आकडे वर गेले, मूल तिथेच

जून महिन्यात शाळेची घंटा वाजते आणि पहिल्या पंधरवड्यात एकेका मुलाविषयी किती गोष्टी लिहिल्या जातात, याची पालकांना सहसा कल्पना नसते. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, आई-वडिलांची नावे, प्रवर्ग, शिष्यवृत्ती असेल तर बँकेचे खाते, गणवेश मिळाला की नाही, पुस्तके मिळाली की नाही. मग वर्षभर रोजची हजेरी, पोषण आहार घेणाऱ्यांची संख्या आणि अधूनमधून होणाऱ्या चाचण्यांचे गुण. पूर्वी हे सारे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि हजेरीपटात मावत असे. आता ते गुरुजींच्या किंवा बाईंच्या मोबाइलमधून थेट पुण्याला आणि पुढे दिल्लीला जाते. एका खेड्यातल्या आठ वर्षांच्या मुलाविषयी सरकारदरबारी आज जितकी माहिती जमा आहे, तितकी त्याच्या आजोबांविषयी उभ्या आयुष्यात कधी जमा झाली नसेल.

प्रश्न एवढाच आहे, की या माहितीच्या डोंगरातून त्या मुलाच्या पदरात काय पडते? ते मूल तिसरीत असून त्याला जोडाक्षर वाचता येत नसेल, तर ही गोष्ट त्या यंत्रणेला कळते का? आणि कळलीच, तर उद्या सकाळी वर्गात काहीतरी निराळे घडते का? मुलांच्या माहितीचा उपयोग करून शिकवणे सुधारायचे, हा विचार सध्या देशभर जोरात आहे. विचार उत्तमच आहे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव तपासला, तर त्यातल्या यशाची आणि फसगतीची कारणे फार स्पष्ट दिसतात. ती पालकांनीही समजून घ्यायला हवीत, कारण माहिती त्यांच्या मुलांची आहे.

मोजायचे काय?

मोजण्याचा हा सोस आजचा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. तपासनीस येणार, मुलांना वाचून दाखवायला लावणार, गणिते घालणार आणि जितकी मुले उत्तीर्ण तितके पैसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या मुंबई इलाख्यातही ही पद्धत आली. परिणाम काय झाला? मास्तरांनी वाचनपुस्तकच मुलांकडून पाठ करून घेतले. मूल घडाघडा 'वाचू' लागले. मॅथ्यू आर्नल्डसारख्या कवीने, जो स्वतः शाळांचा तपासनीस होता, या पद्धतीवर कडाडून टीका केली. शेवटी शतक संपायच्या आत इंग्लंडने ती सोडून दिली. आपल्याकडे दिपोटीसाहेब येणार म्हटले की वर्ग सारवून, हुशार मुलांना पुढे बसवून ठेवण्याची जी प्रथा खेडोपाडी रुजली, तिची मुळे अशाच तपासणीत आहेत.

स्वातंत्र्यानंतर अनेक दशके आपण मोजत होतो ती शाळांची संख्या, खोल्या, फळे आणि पटावरची नावे. १९९४-९५ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर शाळांच्या माहितीचे संगणकीकरण सुरू झाले. 'डायस', पुढे 'यू-डायस' आणि आता 'यू-डायस प्लस' या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिने मोठे काम केले, हे मान्य केले पाहिजे. कोणत्या शाळेत पाणी नाही, कुठे मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, हे एका ठिकाणी दिसू लागले. पण शाळेत गेलेले मूल शिकते आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. पटावर नाव आहे म्हणजे शिक्षण झाले, असे आपण गृहीत धरले होते.

हे गृहीतक मोडले २००५ साली. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने त्या वर्षी 'असर' हा अहवाल पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत इतकी साधी, की तिचे हसू यावे. गावोगावची तरुण मुले घरोघर जातात, अंगणातच मुलाला जवळ बसवतात आणि एक कागद पुढे धरतात. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या दर्जाचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या दर्जाची एक छोटी गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचू शकते तेवढे लिहायचे. गणितातही तसेच: एक ते नऊ अंकांची ओळख, दोन आकडी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागणे. ना टक्के, ना श्रेणी.

या साध्या कागदाने जे दाखवले त्याने साऱ्या देशाला धक्का बसला आणि तो धक्का अजून ओसरलेला नाही. २०२४ च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातल्या ६०५ जिल्ह्यांत सुमारे साडेसहा लाख मुलांपर्यंत कार्यकर्ते पोचले. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या दर्जाचा मजकूर वाचू शकणारी निघाली २३.४ टक्के. करोनाच्या टाळेबंदीनंतर, २०२२ साली, हाच आकडा १६.३ टक्क्यांवर घसरला होता. त्या मानाने ही मोठीच भरपाई. पाचवीत सरकारी शाळांतली ४४.८ टक्के मुले तो मजकूर वाचू शकली. याचा सरळ अर्थ असा, की पाचवीच्या वर्गात गुरुजी पाचवीचे पुस्तक उघडतात तेव्हा समोरच्या निम्म्याहून अधिक मुलांसाठी ते पुस्तक बंदच असते.

आकडा कळला, मग पुढे?

रोग कळला म्हणजे औषध मिळाले, असे नव्हे. या बाबतीत भारतात झालेले तीन प्रयोग मोठे बोलके आहेत.

पहिला प्रयोग आंध्र प्रदेशातला, २००५-०६ सालचा. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तो अभ्यासला. शंभर ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये वर्षाच्या आरंभी मुलांची चाचणी घेतली गेली. प्रत्येक शिक्षकाला त्याच्या मुलांविषयी तपशीलवार अहवाल दिला: कोणाला काय येते, कुठे अडते, त्या अहवालाचा उपयोग कसा करावा. वर्गात निरीक्षक जात तेव्हा हे शिक्षक अधिक उत्साहाने शिकवताना दिसले. पण वर्षाखेरीस स्वतंत्र चाचणी घेतली, तेव्हा या शाळांतली मुले इतर शाळांतल्या मुलांपेक्षा पुढे गेलेली नव्हती. अहवाल उत्तम होता, हाती पोचलाही होता. तरी मुलाच्या पाटीवर त्याचा परिणाम उमटला नाही.

दुसरा प्रयोग हरियाणातला, शिक्षणहक्क कायदा आल्यानंतरचा. या कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. वर्षाखेरच्या एका परीक्षेवर मुलाचे भवितव्य ठरू नये, शिक्षकाने वर्षभर त्याच्याकडे बारीक लक्ष द्यावे, हा त्यामागचा हेतू. हेतू कोणालाही पटावा असाच होता. कुरुक्षेत्र आणि महेंद्रगड या दोन जिल्ह्यांतल्या पाचशे शाळांमध्ये त्याचा अभ्यास झाला. काही शाळांना मूल्यमापनाचे प्रशिक्षण आणि नोंदवह्या दिल्या. काही प्राथमिक शाळांत याऐवजी एकच गोष्ट केली: रोज एक तास इयत्तेच्या भिंती बाजूला ठेवायच्या आणि मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे गटात बसवून त्या पातळीचे शिकवायचे. अक्षरांवर अडलेली मुले एकत्र, शब्दांवर अडलेली एकत्र, मग ती तिसरीची असोत की पाचवीची. निकाल काय लागला? नोंदवह्या भरणाऱ्या शाळांत मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. गट करून शिकवणाऱ्या शाळांत हिंदी वाचन सुधारले. शिक्षक तेच, सरकारी शाळा त्याच, पगारही तेवढेच.

तिसरा प्रयोग त्याच्याही आधीचा आणि आपल्या मुंबईचा. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' नेमल्या गेल्या. वस्तीतल्याच, शिकलेल्या तरुण मुली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले त्या रोज दोन तास वेगळी घेऊन बसत आणि मुळाक्षरांपासून, अंकओळखीपासून शिकवत. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी त्याचे मोजमाप केले, तेव्हा सर्वात मागे असलेल्या मुलांना सर्वात जास्त फायदा झाल्याचे आढळले. या दोघांना मायकल क्रेमर यांच्यासमवेत २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते ज्या कामासाठी, त्यात मुंबईच्या महापालिका शाळांतल्या या मुलांचाही वाटा आहे.

तिन्ही प्रयोग शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. नोंद शिकवत नाही. नोंदीमुळे दुसऱ्या दिवशीच्या तासात बदल झाला, तरच मूल शिकते. हरियाणातल्या गटवार शिकवण्यातही माहितीच होती. पण ती एका कागदावर मावणारी, शिक्षकानेच गोळा केलेली आणि त्याच आठवड्यात वापरलेली होती. आंध्रातला अहवाल कितीतरी बारकाईचा होता. पण तो वाचून झाल्यावर शिक्षकाला पुन्हा तोच अभ्यासक्रम, त्याच वेळापत्रकात, सगळ्या वर्गाला एकदम शिकवायचा होता.

शून्यामागे दडलेले

चाचणीतल्या गुणांकडे आपण कसे पाहतो, हाही मुद्दा आहे. बावन्नमधून सत्तावीस वजा करा, असा प्रश्न आहे. एका मुलाने उत्तर लिहिले ३५, दुसऱ्याने ७९, तिसऱ्याने २४. तिघांनाही शून्य. संगणकात तिघांची नोंद सारखीच. पण तिघांचे दुखणे निराळे आहे. पहिल्याने पाचातून दोन वजा केले आणि सातातून दोन वजा केले; मोठ्यातून लहान काढायचे एवढेच त्याला ठाऊक आहे, हातचा घेणे त्याला कळलेलेच नाही. दुसऱ्याने बेरीज केली. त्याला चिन्ह कळले नाही किंवा त्याने नीट पाहिले नाही. तिसऱ्याला वजाबाकी येते, मोजताना एक चुकला. पहिल्याला दशकाच्या जुड्या सोडून एकेक काडी मोजायला लावली पाहिजे, दुसऱ्याला फक्त 'पुन्हा बघ' म्हटले तरी पुरेल आणि तिसऱ्याला थोडा सराव हवा. शिक्षकाने वही पाहिली तर हे त्याला अर्ध्या मिनिटात कळते. वरच्या कार्यालयात पोचलेल्या 'शून्य' या आकड्यावरून ते कोणालाही कळणार नाही.

वाचनाचेही तसेच. मराठी वाचताना मूल कुठे अडते? कोणी काना-मात्रेवर, कोणी ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीवर, बरीच मुले जोडाक्षरांवर. कोणी अक्षरे लावून लावून शब्द वाचते. पण वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरते. आणि काही मुलांची अडचण याहून मूळची असते. नंदुरबारच्या डोंगरात घरी भिल्ली बोलणारे, मेळघाटात कोरकू बोलणारे, गडचिरोलीत गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातली मराठी ही त्याच्यासाठी परकी भाषा असते. त्याला 'भाषेत कच्चे' असा शेरा मिळतो. वस्तुतः ते त्याच्या भाषेत चुरूचुरू बोलत असते. नोंदीत 'घरी बोलली जाणारी भाषा' हा रकाना नसेल किंवा त्यात सरसकट 'मराठी' असे लिहिलेले असेल, तर हे दुखणे आकड्यांत कधीच दिसणार नाही.

हजेरीच्या नोंदीचेही उदाहरण घेता येईल. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या कित्येक शाळांमध्ये दिवाळीच्या सुमारास हजेरी अचानक घटते. कारण सर्वांना माहीत आहे: आई-वडील ऊसतोडीला जातात, मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात. हा आकडा केवळ 'अनियमित विद्यार्थी' म्हणून वर पाठवला तर तो शाळेवरचा ठपका ठरतो. वेळेवर वाचला तर हंगामी वसतिगृह कुठे हवे आणि किती मुलांसाठी, ते सांगतो. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केले होते. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, हे त्यांनी पाहिले आणि शाळाच कुरणावर नेली. संगणक तेव्हा नव्हता. गैरहजेरीकडे मुलाचा गुन्हा म्हणून न पाहता शाळेसाठी आलेला निरोप म्हणून पाहण्याची दृष्टी होती.

भीती पोटी आकडे फुगती

माहितीचा सर्वात मोठा शत्रू भीती. चांगला आकडा दाखवला तर शाबासकी आणि वाईट दाखवला तर नोटीस, असे ठरले की आकडे चांगलेच येणार. मध्य प्रदेशात 'प्रतिभा पर्व' या नावाने साऱ्या सरकारी शाळांतल्या मुलांच्या चाचण्या होत. अभिजित सिंग या अर्थशास्त्रज्ञाने तेच प्रश्न त्याच मुलांना स्वतंत्र परीक्षकांकरवी पुन्हा विचारले, तेव्हा सरकारी नोंदींतले गुण प्रचंड फुगलेले निघाले. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात याहून गंभीर प्रकार घडला. तिथे शाळांचे आणि अधिकाऱ्यांचे भवितव्य चाचणीच्या गुणांना बांधले गेले होते. २०११ साली सरकारी चौकशीत ४४ शाळांमधले १७८ शिक्षक-मुख्याध्यापक मुलांची उत्तरे खोडून दुरुस्त करण्यासारख्या गैरप्रकारांत गुंतल्याचे उघड झाले, आणि २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले.

ही माणसे मुळातच लबाड होती, असे समजणे सोपे आहे. पण डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकातच सांगून ठेवले होते, की एखाद्या आकड्यावर माणसांचे नशीब टांगले की तो आकडाच भ्रष्ट होतो आणि तो ज्या कामाचे मोजमाप करतो ते कामही बिघडते. फुगलेल्या आकड्याचा बळी शिक्षक नसतो. बळी असते ते मूल, ज्याला वाचता येत नसूनही 'येते' असे लिहिले गेले. कागदावर त्याचे दुखणे बरे झालेले असते. मग त्याला औषध कोण देणार?

महाराष्ट्रात २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. पायाभूत चाचणी घ्यायची, कोणते मूल कुठे आहे ते पाहायचे आणि एकही मूल अप्रगत राहू द्यायचे नाही, अशी त्याची मांडणी होती. त्यात खरोखर काही चांगले घडले. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. शिक्षकांनी शिक्षकांकडून शिकण्याची एक लाट आली. पण त्याच वेळी 'प्रगत शाळा' म्हणून घोषित होण्याची चढाओढही लागली. एखादे काम जेव्हा आपल्या मुलांसाठी केले जाते आणि जेव्हा ते घोषणेसाठी केले जाते, तेव्हा वरून दोन्ही सारखीच दिसतात. वर्गात गेल्यावर फरक कळतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे 'विद्या समीक्षा केंद्र'. गुजरातेत गांधीनगरला असे केंद्र प्रथम उभे राहिले, मग इतर राज्यांनी ते उचलले. महाराष्ट्रातही २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या मुलांच्या नियतकालिक चाचण्यांचे गुण आणि रोजची हजेरी मोबाइलवरून अशा केंद्राकडे पाठवण्यात येऊ लागली. भिंतभर पडद्यांवर जिल्ह्यांचे रंगीत आलेख दिसतात. हिरवा जिल्हा, लाल जिल्हा. पाहुण्यांना दाखवायला हे छान असते. पण ज्या बाईंनी ते गुण भरले, त्यांना दहा दिवसांत 'तुमच्या वर्गातली ही नऊ मुले हातच्याच्या वजाबाकीत अडली आहेत, त्यांच्यासाठी हे हे करून पाहा' असा उलट निरोप गेला का, ही खरी कसोटी आहे. आकडा वर जायला आता एक सेकंद पुरतो. त्याला खाली यायचा रस्ता अजून कच्चाच आहे.

एका तासाची किंमत

या साऱ्यात शिक्षकांचा वेळ किती जातो, याचा हिशेब कोणी मांडत नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे अपेक्षित आहे. समजा, माहिती भरण्यात, फोटो चढवण्यात आणि 'रेंज' शोधण्यात रोज फक्त अर्धा तास गेला. वर्षाचे झाले शंभर तास. म्हणजे शिकवण्याच्या वेळेचा आठवा हिस्सा. ज्या वाड्या-वस्त्यांवर दोनच शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तिथे हा हिस्सा आणखी महाग पडतो, कारण एक जण मोबाइल घेऊन बसला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे याच कायद्याचे २७ वे कलम सांगते. माहिती भरणे हे शैक्षणिक काम आहे की बिगर-शैक्षणिक, याचे उत्तर सोपे आहे. जी माहिती त्या शिक्षकाच्या शिकवण्यात परत येते ती शैक्षणिक, बाकीची कारकुनी. कारकुनी कामासाठी कारकून नेमावा.

आणखी एक भेद सरकारने करायला हवा. राज्याचे धोरण ठरवायला प्रत्येक मुलाचे गुण लागत नाहीत. काही हजार मुलांची नीट, स्वतंत्र, धाकदपटशाविना केलेली नमुना तपासणी पुरते. भाताचे एक शीत दाबून पाहिले की कळते, ही गोष्ट घरातल्या बाईला शिकवावी लागत नाही. प्रत्येक मुलाची तपासणी लागते ती त्याच्या शिक्षकाला, आणि ती त्याच्यापाशीच राहिली तरी चालते. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला पाच-सहा मिनिटे जवळ बसवून वाचून घेतले, तर तीन तासांत, म्हणजे दोन-तीन दिवसांत, सगळा वर्ग कळतो. दर दोन महिन्यांनी एवढे केले आणि रोज एक तास गटवार शिकवले, तर त्या माहितीचे चीज होईल. एका चाचणीकडून दोन्ही कामे करून घेण्याच्या हव्यासात दोन्ही बिघडतात: शिक्षक धास्तावतात आणि राज्याला खोटे चित्र मिळते.

माहिती कोणाची?

शेवटचा प्रश्न थेट घराशी येऊन भिडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक विद्यार्थ्याला 'अपार' हा बारा आकडी क्रमांक देण्याची मोहीम सुरू झाली. मुलाची शैक्षणिक कारकीर्द एका क्रमांकाखाली राहावी, शाळा बदलताना दाखल्यांसाठी पायपीट होऊ नये, हा त्याचा फायदा. ऊसतोड कामगाराच्या मुलाला तर तो खराच उपयोगी पडू शकेल. त्यासाठी पालकांचे संमतिपत्र घेतले जाते. पण त्या कागदावर सही करण्यापूर्वी किती पालकांना कोणी समजावून सांगितले, की कोणती माहिती जाणार आहे, ती कोण पाहू शकेल आणि सही न करण्याचाही हक्क आहे?

अमेरिकेत 'इनब्लूम' नावाची योजना २०१३ मध्ये सुरू झाली. तिच्यामागे गेट्स प्रतिष्ठानासारख्या संस्थांचे दहा कोटी डॉलर होते. मुलांच्या साऱ्या नोंदी एकत्र ठेवून शिक्षकांना मदत करायची, असा हेतू होता. पालकांना प्रश्न पडला, की ही माहिती खासगी कंपन्यांच्या हाती गेली तर? समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि वर्षभरात, एप्रिल २०१४ मध्ये, ती गुंडाळली गेली. योजना तांत्रिकदृष्ट्या वाईट नव्हती. विश्वास मिळवायचे राहून गेले होते. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हे त्यातले मुख्य तत्त्व आहे. अर्थात शैक्षणिक कामासाठी शाळांना काही सवलती आहेत. म्हणून शिकवणीच्या ॲपवर मुलाचे नाव, इयत्ता आणि फोन नंबर देताना जितके सावध असावे, तितकेच शाळेतल्या कागदावर सही करतानाही विचारते असावे.

यात भीती चोरीचीच आहे असे नाही. पूर्वी एखादे मूल दुसरीत नापास झाले, तर गाव बदलले, शाळा बदलली की ते विसरले जाई. नव्या गुरुजींपुढे त्याची पाटी कोरी असे. आता दुसरीतला 'अप्रगत' हा शेरा बारावीपर्यंत त्याच्या मागे चालत येऊ शकतो. मूल वाढते, बदलते. कित्येकांना उशिरा उमजते आणि मग ती झपाट्याने पुढे जातात. विसरणे हाही शिक्षणाचा एक गुण आहे, आणि संगणकाला तो मुद्दाम शिकवावा लागतो. कोणती नोंद किती वर्षे ठेवायची आणि कधी पुसायची, याचा नियम पालकांना कळेल अशा भाषेत शाळेच्या फलकावर लागायला हवा.

पालकांच्या हातात काही आहे का? आहे, आणि त्याला ना ॲप लागते ना शुल्क. घरातल्या तिसरी-चौथीतल्या मुलाला जवळ घेऊन बसा. दुसरीच्या पुस्तकातली एखादी न पाहिलेली गोष्ट मोठ्याने वाचायला सांगा आणि वाचून झाल्यावर 'काय झालं रे त्यात?' असे विचारा. हातच्याची एक वजाबाकी घाला आणि उत्तरापेक्षा ते कसे काढले ते बोलायला लावा. पाच मिनिटांत जे कळेल ते प्रगतिपुस्तकातल्या 'ब-१' श्रेणीवरून कळणार नाही. आणि पालकसभेला गेलात की 'कितवा नंबर आला?' हा प्रश्न बाजूला ठेवून बाईंना एवढेच विचारा, 'हा नेमका कुठे अडतो, आणि त्यासाठी वर्गात काय करता? आम्ही घरी काय करू?' खासगी इंग्रजी शाळांतल्या पालकांनीही हे विचारायला हरकत नाही. 'असर'च्या आकड्यांत त्या शाळांतही दुसरीचा मजकूर न वाचता येणारी मुले भरपूर आहेत.

या प्रश्नाचे उत्तर ज्या शाळेत लगेच मिळते, तिथे माहितीचा उपयोग होतो आहे, मग त्या शाळेत संगणक असो वा नसो. जिथे उत्तराऐवजी छापील आलेख पुढे केला जातो, तिथे अजून काम बाकी आहे. सरकारच्या केंद्रांनाही हाच प्रश्न लागू पडतो. गेल्या तिमाहीत किती कोटी नोंदी जमा झाल्या, हे त्यांनी सांगावेच. पण त्याआधी हे सांगावे, की त्यातल्या किती नोंदी कोणत्या शिक्षकाकडे परतल्या आणि त्यांच्यामुळे किती मुलांना जोडाक्षर वाचता येऊ लागले. इतकी वर्षे मूल यंत्रणेला उत्तरे देत आले आहे. आता यंत्रणेने मुलाला उत्तर द्यायला हवे.